अकरावं हेल्मेट

आपल्या जयपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. मी एकवीस वर्षांची आहे आणि अजून बी.ए. करते आहे. म्हणून संपादक काकांनी "तुझ्या कामाबद्दल लिही" म्हटलं, तेव्हा मी म्हणाले, "काका, मला कुठलं काम?" ते म्हणाले, "मग भल्या सकाळी खातीपुऱ्यात दोन भरलेल्या पिशव्या घेऊन रिक्षावाल्यांशी भांडतेस, ते काय असतं?"

त्या पिशव्यांत घामाने भिजलेले आणि आईच्या बादलीत धुतलेले चौदा मुलांचे पट्टे आणि जर्सी असतात. मी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची मॅनेजर आहे. मॅनेजर हा शब्द मोठा आहे. माझं काम हेल्मेट डोक्याला बसवून देणं, घोट्यांना पट्ट्या बांधणं आणि कुणाला लागलं तर बघणं. तीन वर्षं हे करते आहे. या लेखात दोन-चार गमती सांगेन, पण खरं लिहायचं आहे ते एका सामन्याबद्दल. त्या सामन्यात मी एका मुलाला त्याचं हेल्मेट दिलं नाही. ते बरोबर केलं की नाही, हे मला अजून माहीत नाही.

या कामात मी शिरले ती चुकून. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. बाबा रेल्वेत डबे तपासतात, आईची शाळा मूर्तिजापूरजवळच्या गावात सातवीत संपली. कॉलेजात काय करायचं असतं, हे विचारायला घरात माणूस नव्हतं. सूचनाफलकावर जे लावतात ते सक्तीचं असतं, असा माझा समज होता. त्यामुळे पहिल्या महिन्यात मी प्रश्नमंजूषेला गेले, रक्तदानाला गेले (वजन कमी म्हणून परत पाठवलं), लोकनृत्याच्या निवडीला गेले आणि 'अमेरिकन फुटबॉल संघ, मैदानावर सकाळी सहा' असं वाचून तिथेही गेले. वही-पेन घेऊन. मैदानावर सगळी मुलं आणि मी एकटी मुलगी. क्रीडा विभागाच्या शेखावत सरांनी विचारलं, "तुम्ही?" मी म्हणाले, "सर, फलकावर लिहिलं होतं." सरांनी वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हजेरी लिहा." तेव्हापासून लिहिते आहे.

खेळ थोडक्यात सांगते, कारण मंडळात जो तो विचारतो, "म्हणजे पायाने ना?" पायाने फार कमी. चेंडू लांबट असतो. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढे न्यायचा, तेवढा पुढे नेता आला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. समोरच्यांनी अंगावर येऊन अडवायचं. म्हणून छाती-खांद्याला पॅड आणि डोक्याला हेल्मेट. मोठ्या संघांत चेंडू पुढे नेणारे वेगळे आणि अडवणारे वेगळे असतात. आमच्याकडे तीच अकरा मुलं दोन्ही करायची. सरही हा खेळ मोबाइलवर बघूनच शिकलेले. आईने एकदाच सामना पाहिला. "हे भांडण हाये का खेळ?" म्हणाली, आणि पुन्हा आली नाही.

हेल्मेटं आम्हाला एका बंद पडलेल्या संघाकडून आली. सोळा होती, सगळी जुनी. आतल्या गाद्यांत हवा भरायची असते, चेंडूच्या पंपाला लागते त्याहून बारीक सुईने. सुई ओली करायची, नाहीतर गादी फाटते. भुवयांच्या वर दोन बोटं जागा सुटली पाहिजे. मग समोरची जाळी धरून हलवायची. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर ते नीट बसलं. हेल्मेट नुसतंच हललं, तर ते डोक्यावर ठेवलेलं भांडं आहे. हे मी एका फाटक्या पुस्तिकेतून शिकले आणि चौदा डोक्यांवर करून पाहिलं. आता समोरचा माणूस बोलत असला की मी त्याच्या कपाळाचं माप घेत असते. बरं नाही दिसत, पण सवय लागली.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. भंवर नावाचा एक मुलगा आहे, पळण्यात सगळ्यात चपळ. त्याच्या दोन्ही कानांत सोन्याच्या मुरक्या. हेल्मेट घालताना त्या अडकायच्या, कान सोलून निघायचा.

"काढून ठेव," मी म्हणाले.

"दादीने घातल्यात, बाईसा. काढायच्या तर दादीला विचारा."

बाईसा म्हणजे आपल्याकडे 'ताईसाहेब' म्हणावं तसं. मानाने म्हणतात, पण ही मुलं चिडवायला म्हणायची. मी खरंच त्याच्या दादीला फोन लावला. दादी म्हणाली, "लगीन होईपर्यंत निघणार नाहीत. तू हेल्मेटालाच भोक पाड." शेवटी रोज सकाळी मी त्याच्या कानांना कापूस लावून पट्टी गुंडाळायची. बाकीचे म्हणायचे, "नवरदेव तयार झाला."

आणि माझी पहिली मोठी चूक म्हणजे जर्सीचे आकडे. सरांनी सांगितलं, मुलांना विचार आणि छापून आण. मी विचारलं. ही सगळी क्रिकेटवर वाढलेली पोरं. सात हवा असलेले पाच निघाले, अठरा हवा असलेले चार. मी चिठ्ठ्या टाकल्या, कुणी रुसू नये म्हणून पंधरवडाभर समजुती काढल्या, आणि बगरूला जाऊन एका छापकाराकडून लाकडी ठशांनी आकडे छापून घेतले. इतक्या सुंदर जर्सी कुठल्याच संघाकडे नसतील. पहिल्या सामन्याला पंच आले, रांग बघितली आणि म्हणाले, "पुढच्या पाच जणांचे आकडे पन्नास ते एकोणऐंशीमध्ये लागतात. कुणी चेंडू झेलायचा आणि कुणी नाही, ते आकड्यावरून ओळखतात. हे काय आहे?" नियमांच्या पुस्तकात ते होतं. मी ते पान वाचलं नव्हतं, कारण त्याचं नाव 'गणवेश' होतं आणि गणवेश म्हणजे काय ते मला माहीत आहे, असं मला वाटलं. अर्ध्या तासात पांढऱ्या चिकटपट्टीने साताचे सत्तावन्न आणि दोनाचे बासष्ट केले. घामाने पट्ट्या सुटत गेल्या आणि सामना संपेपर्यंत सगळे पुन्हा आपापल्या आकड्यावर आले.

ती चूक हसण्यावारी गेली. दुसरी तशी नव्हती.

या खेळात डोक्याला मार बसला की तो बाहेरून दिसतोच असं नाही. रक्त नाही, सूज नाही. मुलगा उठतो, हसतो, खेळतो. आत मात्र मेंदूला हिसका बसलेला असतो, आणि तो भरून येण्याआधी दुसरा बसला तर फार वाईट होऊ शकतं. हे मला मंडळातल्या डॉक्टर काकूंनी शिकवलं. (नाव लिहू नकोस म्हणाल्या.) त्यांनी मला एक कार्ड करून दिलं. त्यावर प्रश्न होते: आज वार कोणता, मैदान कोणतं, महिने उलटे सांग, एका पायावर उभा राहा. आणि पाच शब्द. ते मुलाला ऐकवायचे, मग दुसरं काहीतरी बोलायचं, मग ते शब्द त्याला परत विचारायचे. आठवले नाहीत तर त्याला बाहेर बसवायचं.

माझ्या कार्डावरचे शब्द होते: नींबू, ताला, रुमाल, घोडा, तवा. काकू म्हणाल्या होत्या, "शब्द बदलत जा हं." मी बदलले नाहीत. कार्डाला प्लास्टिक लावून आणलं होतं, छान दिसत होतं, आणि लिहिलेलं बदलायचं नसतं असं मला अजूनही वाटायचं. महिन्याभरात ते शब्द सगळ्यांना पाठ झाले. मग ती संघाची घोषणाच झाली. सामन्याआधी चौदा मुलं डोक्याला डोकं लावून उभी राहायची आणि ओरडायची, "नींबू! ताला! रुमाल! घोडा! तवा!" समोरचा संघ घाबरायचा की काय कोण जाणे. मला मात्र अभिमान वाटायचा. माझं कार्ड होतं ते.

आता महेंद्रबद्दल. महेंद्र इथल्याच झोटवाड्याचा, पण सरावासाठी हॉस्टेलवर राहायचा. त्याच्या वडिलांचा तिथे लेथचा छोटा कारखाना आहे. कॉलेजात येणारा तोही घरातला पहिलाच. तो आमचा सेंटर, म्हणजे रांगेच्या मध्यभागी वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू व्हायची. अंगाने दांडगा, आणि संघातलं सगळ्यात मोठं डोकं त्याचं. सोळा हेल्मेटांत त्याला बसणारं एकच होतं.

गेल्या हिवाळ्यात शेवटचा सामना आला तेव्हा चौदांपैकी अकरा मुलं उरली होती. एकाचं मनगट, एकाचा गुडघा, आणि एकाला घरच्यांनी परीक्षेसाठी बोलावून घेतलं. सामना रविवारी आपल्या जयपूरमध्येच होता. दिल्लीच्या एका मोठ्या संघाची दोन माणसं मुलं निवडायला येणार होती, आणि त्यांनी सरांना विचारलं होतं ते महेंद्रबद्दलच.

त्याच आठवड्यात बुधवारी सरावाला धुकं होतं. थंडीने जमीन फरशीसारखी कडक. अंगावर आलेल्या मुलाने महेंद्रला मागे ढकललं, आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. रिकामा डबा पडावा तसा आवाज आला. तो क्षणभर बसून राहिला. मी पळत गेले.

"ठीक हूँ, बाईसा."

मी कार्ड काढलं. तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "नींबू, ताला, रुमाल, घोडा, तवा."

सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी हसले. वार त्याने बरोबर सांगितला, महिने घडाघडा उलटे सांगितले. तेही पाठच होते. मी त्याला जाऊ दिलं आणि तो उरलेला सराव पूर्ण खेळला.

हेल्मेट परत देताना त्याने विचारलं, "रविवारचा सामना इथेच आहे ना?" मी हो म्हणाले. पॅड ठेवले आणि परत विचारलं, "रविवारी इथेच ना?" गेटपाशी पोचल्यावर मागे वळून तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो खिडकीकडे पाठ करून बसला होता, टोपी भुवयांपर्यंत ओढून. इरफान आमचा चेंडू फेकणारा आणि महेंद्रचा खोलीतला सोबती. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "कालपासून गोळ्या खातोय. उजेड सहन होत नाही म्हणतो. मी सांगितलं असं सांगू नका."

मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "फोनवर मी काही सांगणार नाही. त्याला घेऊन ये. आणि मी पाहीपर्यंत त्याला खेळू द्यायचं नाही."

शुक्रवारी मी त्याला वाचनालयाच्या जिन्यात गाठलं.

"डॉक्टरांकडे चल. काकू ओळखीच्या आहेत."

"सोमवारी येतो."

"आज."

"आज गेलो तर त्या रविवारी नाही म्हणतील. सगळे डॉक्टर नाही म्हणतात." मग म्हणाला, "डोकं कुणाचं आहे, बाईसा?"

"तुझं."

"मग?"

तो पायरीवर बसला. "पापांनी लेथपाशी दुसरं स्टूल आणून ठेवलंय. मला काही बोलले नाहीत, नुसतं आणून ठेवलंय. रविवारी ती माणसं मला बघून गेली नाहीत तर माझी जागा तिथे आहे. तुझं काय, तुझी बी.ए. होईल."

माझी बी.ए. होऊन काय होईल, हे मलाही माहीत नव्हतं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

शनिवारी सरांकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी हा संघ काही नसताना उभा केला, मैदानावरचे दगड स्वतः वेचले.

"सर, महेंद्रला उद्या खेळवू नका."

"तो म्हणतो ठीक आहे."

"डॉक्टरांनी पाहिलेलं नाही. उजेड सहन होत नाही त्याला."

"सुजाता, अकरा मुलं आहेत. बारा असती तर मी काही विचारलं नसतं." सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. "आणि त्याला बघायला लोक येतायत. त्याच्या आयुष्यात परत येतील का?"

मी उभीच राहिले. शेवटी सर म्हणाले, "हेल्मेटं तुझ्या सामानाच्या खोलीत असतात. किल्ली तुझ्याकडे असते. मी त्या खोलीत येत नाही." आणि दुसऱ्या कागदांकडे वळले.

ही परवानगी होती की सरांनी हात झटकले, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

खोलीत जाऊन मी त्याचं हेल्मेट हातात घेतलं. त्या फाटक्या पुस्तिकेत एक वाक्य आहे: ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचं हेल्मेट काढून घ्या आणि त्याला सापडणार नाही असं ठेवा. मुलगा खोटं बोलून परत मैदानात जातो, पण हेल्मेटशिवाय जाऊ शकत नाही. आमच्या कामात एवढीच एक सत्ता आहे. पण मी कुठेही लपवलं असतं, तरी उद्या महेंद्रने दोनदा मागितल्यावर मी आणून दिलं असतं. मी स्वतःला ओळखते. मला रिक्षावाल्याला सुटे मागायला जड जातं. म्हणून मी ते घरी घेऊन गेले.

बसमध्ये मांडीवर ठेवलं होतं. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, विमान चालवता का?" मला हसू आलं नाही. वाटलं, सगळ्या बसला कळलंय मी काय करते आहे ते.

आई दारातच म्हणाली, "हे काय आणलं वं माय? कोनाचं हाये?"

"एका पोराचं."

"मंग त्यो काय घालीन?"

मी सांगितलं. आईने ते पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि वर फडकं टाकलं. बाबा ड्यूटीवरून आले होते, चहा पीत होते. बाबांचं काम म्हणजे गाडी सुटायच्या आधी खाली वाकून चाकं, स्प्रिंगा, ब्रेक बघणं. काही बिघाड दिसला तर ते डब्यावर खडूने लिहितात आणि डबा गाडीतून काढतात. त्याला 'डबा सिक केला' म्हणतात. एकदा सणाच्या गर्दीत त्यांनी एक डबा सिक केला होता. बसलेल्या माणसांना सामानासकट उतरवावं लागलं. लोकांनी बाबांना आईवरून शिव्या दिल्या. नंतर कारखान्यात साहेब म्हणाले, अहो, चालला असता एवढी खेप.

मी विचारलं, "बाबा, चालला असता का खरंच?"

"चालला असता बी. मले काय मालूम?"

"मग तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

बाबांनी कप खाली ठेवला. "वाटलं ना. दोन दिस जेवन गोड नाही लागलं." मग फडक्याखालच्या हेल्मेटकडे बघत म्हणाले, "पर माह्यं काम सोपं हाये, बाई. डबा बोंबलत नाही. तुह्या पोट्ट्याले तोंड हाये."

मला वाटलं होतं, ते सांगतील, बरोबर केलंस. तसं काही ते बोलले नाहीत.

रविवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. बाकापाशी मी एकेकाचं नाव घेऊन हेल्मेट देत गेले. दहा दिली. दिल्लीची दोन माणसं खुर्च्यांवर चहा पीत होती. महेंद्र पॅड घालून, पट्ट्या बांधून समोर उभा राहिला, उन्हाकडे डोळे बारीक करून.

"माझं?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"घरी आहे. खातीपुऱ्याला."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. "जा, घेऊन ये. रिक्षाने जा."

"नाही आणणार."

"बाईसा, ती दोन माणसं बसलीयत तिथे."

"दिसतायत."

"तू कोण आहेस गं?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पंचांनी वळून पाहिलं. "पाणी देणारी आहेस तू! पट्ट्या बांधणारी!"

ते खरंच होतं. मी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. त्याने भंवरच्या हातातलं हेल्मेट हिसकलं आणि डोक्यावर ओढलं. ते कानांच्या वर अडकलं. इरफानचं ओढलं, तेही तसंच. राहिलेली तो एकेक करून पिशवीतून काढत होता, डोक्यावर दाबत होता, टाकत होता. कुणी हसलं नाही. कुणी त्याला थांबवलंही नाही. दहाही मुलं माझ्याकडे बघत होती, आणि सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पंचांशी काहीतरी बोलत उभे होते.

दहा जणांनी खेळता येतं, नियमात बसतं. पण सेंटरला भंवर उभा राहिला, त्याने आयुष्यात कधी पायांमधून चेंडू दिला नव्हता. पहिलाच चेंडू इरफानच्या डोक्यावरून गेला. आम्ही फार वाईट हरलो. किती ते लिहीत नाही. दिल्लीची माणसं मध्यंतराला गेली. जाताना सरांशी हात मिळवला आणि महेंद्रकडे बघितलं. तो बाकाच्या टोकाला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. त्यांनी त्याला काही विचारलं नाही.

सोमवारी तो इरफानबरोबर काकूंकडे गेला. माझ्याबरोबर नाही. काकूंनी तपासलं, डोक्याचा फोटो (स्कॅन) काढायला लावला. फोटोत काही निघालं नाही. पण डोकं अजून बरं नाही, म्हणाल्या, तीन आठवडे खेळ, मोबाइल, लेथ, सगळं बंद. मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "काकू, तो रविवारी खेळला असता तर?"

"तर बहुतेक काही झालं नसतं."

"बहुतेक?"

"बहुतेक."

मग त्या म्हणाल्या, "सुजाता, आमच्या धंद्यात याहून चांगलं उत्तर मिळत नाही."

त्यानंतर महेंद्र माझ्याशी बोलला नाही. वर्गात समोरून गेला तर दुसरीकडे बघत जायचा. सुट्टीत तो लेथवर बसला, असं इरफान म्हणाला. काम चांगलं करतो म्हणे. घोषणाही बंद झाली. मी कार्ड फाडून टाकलं आणि वहीत निरनिराळे शब्द लिहायला लागले. आता माझ्याकडे दोनशेच्या वर शब्द आहेत. भाजी आणताना, बसमध्ये, कुठेही सुचतात. दर वेळी नवे पाच काढते. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत. बुधवारी मी हसले नसते, त्याला तेव्हाच बाहेर काढलं असतं आणि काकूंकडे नेलं असतं, तरी तो रविवारी खेळला नसताच. पण भांडण माझ्याशी झालं असतं, ते त्याच्या पॅड घालून उभं राहण्याच्या आधी. एवढा फरक पडला असता. तो थोडा नाही.

या वर्षीचा सराव गेल्या महिन्यात सुरू झाला. चौथ्या दिवशी महेंद्र मैदानावर आला. हात काळे, नखांत तेल. सरांनी मान हलवली. तो माझ्यापाशी आला आणि काकूंची चिठ्ठी पुढे केली. खेळायला हरकत नाही, असं लिहिलं होतं. खाली तारीख, सही. मी ती तीनदा वाचली.

"पाच शब्द सांगते," मी म्हणाले. "सुई, पतंग, दही, कंगवा, पूल."

मग महिने विचारले, एका पायावर उभं केलं, मुद्दाम आणखी काहीबाही विचारत राहिले, लेथचं, वडिलांचं. त्याने नीट उत्तरं दिली.

"आता शब्द?"

"सुई, पतंग, दही, कंगवा." तो थांबला. "पूल."

मी हेल्मेट आणलं. सुई ओली करून गाद्यांत हवा भरली, भुवयांवर दोन बोटं ठेवली, जाळी धरून हलवलं. कपाळाची कातडी हलली. सगळं बरोबर होतं आणि माझा हात जाळीवरून निघत नव्हता. काढून घेतलं तेव्हा निदान एवढं ठाऊक होतं की आज त्याच्या डोक्याला काही होणार नाही. आता तेही नव्हतं.

"सोडा की, बाईसा," तो म्हणाला. मी न विचारता तो बोललेलं आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य.

मी सोडलं. तो पळत गेला, रांगेच्या मधे वाकला, चेंडू मागे दिला आणि समोरचा मुलगा त्याच्या अंगावर येऊन आदळला. दोघे पडले. महेंद्र उठला. पुन्हा वाकला. पुन्हा पडला, पुन्हा उठला.

पाण्याच्या सुट्टीत तो येऊन बाटली घेऊन गेला. "बसा ना," म्हणाला, "उभ्या काय राहिलात?"

"बसते," मी म्हणाले.

सराव संपेपर्यंत मी बसले नाही.